पुस्तकें मळूं द्या

एखाद्या गांवचें वाचनालय पाहावयास गेलों असतां आम्ही प्रथम इमारत पाहत नाहीं, कीं ग्रंथांची संख्याही विचारीत नाहीं. मुलांच्या विभागांतील एखादें पुस्तक हातांत घेऊन त्याचीं पानें तेवढीं चाळून पाहतों. पानें कोरीं करकरीत असलीं, शिवण घट्ट असली, आणि मागील बाजूस चिकटविलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर दोनचारच शिक्के असले, म्हणजे चालक मंडळी मोठ्या अभिमानानें सांगतात, "पाहा, किती निगेनें ठेविलें आहे!" आम्हांस मात्र अशा वेळीं वाईट वाटतें. मुलांसाठीं घेतलेलें पुस्तक दहा वर्षें नवें राहिलें, याचा अर्थ दहा वर्षें तें मुलांच्या हातीं पडलें नाहीं, एवढाच होय.

विद्यार्थिमित्रांनो व पालकहो, वाचनाचें महत्त्व सांगणारा आणखी एक लेख या वार्षिकांत लिहावा, असा आमचा हेतु नाहीं. तीं सुवचनें आपण भिंतींवर व फलकांवर पुष्कळ वाचलीं आहेत. आम्हांस सांगावयाचें आहे तें थोडें निराळें आहे. गांवचें सार्वजनिक वाचनालय हें साऱ्या घरादाराचें स्थान झालें पाहिजे. आई, बाप, आजी आणि कडेवरचें मूल यांनीं मिळून जेथें जावें, असें तें असलें पाहिजे. आणि तसें व्हावयाचें असेल, तर पुस्तकांचें रक्षण करणें हेंच वाचनालयाचें पहिलें कर्तव्य, ही समजूत निदान मुलांच्या पुस्तकांपुरती तरी आपण सोडून दिली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. हें मत आम्ही ग्रंथांतून शिकलों नाहीं. स्वतःच्या चुकीनें शिकलों. ती चूक आधीं सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या ग्रंथसंग्रहाचें काम आमच्याकडे होतें. शिक्षकांच्या खोलीस लागून कांचेचीं सहा कपाटें, त्यांस सहा कुलुपें, आणि किल्ल्यांचा जुडगा आमच्या खिशांत. आठवड्यांतून एकदां शेवटच्या तासास वर्गप्रतिनिधि यादी घेऊन येई, आणि आम्ही मोजून पुस्तकें देत असूं. ज्याचे हात मळके, त्यास पुस्तक नाहीं. ज्यानें मागील खेपेस पान दुमडलें, त्यास महिनाभर नाहीं. आणि परीक्षा जवळ आली म्हणजे कोणासच नाहीं. वर्षअखेरीच्या पडताळणींत सलग सात वर्षें एकही पुस्तक गहाळ झालेलें नव्हतें. वरिष्ठांनीं त्याबद्दल प्रशंसेचा शेरा दिला, आणि तो शेरा आम्हीं घरीं नेऊन दाखविला, हेंही लपवीत नाहीं.

त्याच सुमारास इयत्ता सहावींत एक मुलगा होता. पुस्तकांचा तो फार भुकेला होता. आमच्या कपाटांतून त्याची भूक भागेना, म्हणून त्याच्या आईनें गांवांतील एका वाचनालयांत अनामत भरून आपल्या नांवानें वर्गणी सुरू केली. ती माउली चार घरचीं धुणींभांडीं करी. वाचावयास तिला बेताचेंच येई. परंतु शनिवारीं संध्याकाळीं मुलाचा हात धरून ती वाचनालयाच्या दारापर्यंत जाई, आणि तो पुस्तक बदलून बाहेर येईपर्यंत पायरीवर बसून राही. आंत बांकें होतीं, पंखा होता, वर्तमानपत्रें होतीं. वर्गणीही तिच्याच नांवाची होती. पण 'बाई, आंत येऊन बसा' असें तिला कोणीं कधीं म्हटलें नाहीं.

आषाढांतल्या एका रात्रीं त्यांचें घर गळलें आणि उशाशीं ठेविलेलें पुस्तक भिजलें. मुलानें तें चुलीपाशीं वाळविलें. पण पानें फुगलीं, चित्रांचा रंग एकमेकांस लागला, पुठ्ठा सुटला. भीतीनें त्यानें तें ट्रंकेच्या तळाशीं दडविलें आणि वाचनालयांत जाणें बंद केलें. पुस्तक परत करण्याची तारीख उलटली, दंड चढूं लागला, आणि एके दिवशीं घरीं सूचनेचें कार्ड आलें. कार्ड घेऊन ती आई आमच्याकडे आली. पदराआडून पुस्तक काढून तिनें आमच्या टेबलावर ठेविलें आणि म्हणाली, "सर, दोन दिवस पेटीखालीं दाबून ठेवलंय. पानं सगळीं आहेत, मीं मोजलीं. हे घेतील का हो ते परत?"

आम्हीं काय सांगितलें असेल? नियम असा आहे कीं, पुस्तकाची किंमत व दंड भरावा लागेल, असें सांगितलें. वर त्या मुलास बोलावून दुसऱ्याची वस्तु जपण्याविषयीं चार शब्दही ऐकविले. आईनें पैसे भरले. अनामतींतून उरले सुरले तें परत घेतलें. आणि वर्गणी बंद केली. आज त्या प्रसंगाकडे पाहतां कोणींही अन्याय केला, असें म्हणतां येत नाहीं. ग्रंथपालांनीं नियम पाळला, आईनें पाळला, आम्हींही पाळला. आणि एवढ्या साऱ्या नियमपालनाच्या शेवटीं गांवांतला एक वाचक कमी झाला. पुस्तकाची किंमत वहींत जमा झाली. मुलाची नोंद करावयास त्या वहींत रकानाच नव्हता.

हा दोष कोणा एका वाचनालयाचा नव्हे. त्याचें मूळ फार जुनें आहे, व तें समजून घेणें अवश्य आहे. रत्नागिरी येथील वाचनालय १८२८ सालीं स्थापन झालें. योगायोग असा कीं, सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें 'बाळमित्र' हें मुलांचें पुस्तकही त्याच १८२८ सालचें. एकाच वर्षीं कोंकणांत सार्वजनिक वाचनालय निघालें आणि मराठींत मुलांच्या हातीं देण्याजोगें छापील पुस्तक झालें. परंतु हीं दोन एकमेकांस भेटावयास पुढें फार काळ जावा लागला. नाशिकचें वाचनालय १८४० चें, पुण्याचें १८४८ चें, कोल्हापुरचें १८५० चें. त्या काळच्या पुष्कळ वाचनालयांस 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असें नांव असे. सरकारी अधिकारी, वकील, शिक्षक, संस्थानिक अशा मंडळींनीं तीं उभारलीं. त्यांच्या डोळ्यांपुढें जो वाचक होता, तो शिकलेला, प्रौढ आणि पुरुष होता. संध्याकाळीं येऊन वर्तमानपत्र वाचावें, चार सार्वजनिक गोष्टींची चर्चा करावी आणि घरीं जावें, असा त्याचा परिपाठ. त्याची बायको आणि त्याचीं मुलें घरींच राहत.

पुढें १८९३ सालीं ठाण्यास आणि १८९८ सालीं मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालयें निघालीं. मराठी ग्रंथ एकत्र करावे, जतन करावे, ते नष्ट होऊं देऊं नयेत, हा त्यांचा संकल्प होता, आणि तो अत्यंत थोर होता. त्या मंडळींनीं जुन्या ग्रंथांची राखण केली नसती, तर आज कित्येक पुस्तकांचीं नांवें तेवढीं उरलीं असतीं. म्हणून रक्षणाच्या वृत्तीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींची दुर्मिळ प्रत कुलुपांतच असली पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, दुर्मिळ ग्रंथाचा न्याय मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकास लावूं नये. पहिलें पुस्तक गेलें तर पुन्हां मिळत नाहीं. दुसरें बाजारांत पन्नास-शंभर रुपयांस मिळतें. पुन्हां मिळत नाहीं तें त्या मुलाचें वय.

आपल्याकडे याहून निराळा विचार कोणीं केलाच नाहीं, असेंही नाहीं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १९०६ सालीं आपल्या संस्थानांत सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. मूल शाळेंत अक्षरें शिकलें, पण पुढें त्यास वाचावयास कांहीं मिळालें नाहीं, तर तीं अक्षरें विसरून जातें, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनीं साऱ्या संस्थानासाठीं ग्रंथालयांची व्यवस्था लावण्यास आरंभ केला. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत स्त्रियांची व मुलांची निराळी सोय झाली. मुलांच्या दालनांत पुस्तकांबरोबर चित्रें व खेळही होते. आणि जेथें ग्रंथालय नव्हतें, त्या खेड्यांकडे पुस्तकांनीं भरलेल्या लांकडी पेट्या पाठविल्या जात. पेटी बैलगाडींतून हिंदकळत जाईल, पुस्तकें धुळीनें माखतील, कांहीं परत येणारही नाहींत, हें काय त्यांस कळत नव्हतें? कळत होतें, तरीही पेट्या गेल्या.

पुढें मद्रासेस डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. त्यांतील पहिलें सूत्र पुस्तकांच्या उपयोगाविषयीं आहे, त्यांच्या राखणीविषयीं नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेनें १९४९ सालीं सार्वजनिक ग्रंथालयाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याची सुधारलेली आवृत्ति २०२२ सालीं निघाली, आणि वाचनाची संवय जन्मापासून लावणें हें ग्रंथालयाच्या कामांत तींत गणलें आहे. जन्मापासून! आमच्याकडे मात्र 'मूल वाचूं लागलें म्हणजे मग आणा' असें सांगण्यांत येतें. पोहतां आल्यावांचून पाण्यांत उतरूं नको, असें सांगण्यापैकींच हें आहे.

आतां कोणी म्हणेल, कीं ग्रंथपालच कडक म्हणून असें होतें. आम्ही ग्रंथपालास दोष देत नाहीं. आपल्या राज्यांत १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम लागू आहे. त्याखालीं मान्यता मिळालेलीं अकरा हजारांहून अधिक वाचनालयें गांवोगांवीं आहेत, आणि त्यांतील बहुतेक स्थानिक संस्थाच चालवितात. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असून वर्गाप्रमाणें त्यांस शासनाचें अनुदान मिळतें. मद्रासेच्या १९४८ च्या कायद्यांत ग्रंथालयासाठीं स्वतंत्र कराची सोय होती. आपल्या कायद्यांत तशी नाहीं. सबब अनुदान, वर्गणी आणि देणग्या यांवरच आपलीं वाचनालयें चालतात, आणि लहान गांवच्या ग्रंथपालाच्या हातीं महिन्यास जें पडतें, त्यांत घर चालविणें कठीणच असतें. अशा मनुष्याच्या ताब्यांत हजारों पुस्तकें असतात. प्रत्येकास दाखल क्रमांक असतो, आणि पडताळणीच्या वेळीं वहींतला क्रमांक व कपाटांतलें पुस्तक यांचा मेळ बसावा लागतो. पुस्तक कोणीं उघडलें नाहीं म्हणून त्यास फारसें कोणी विचारीत नाहीं. पुस्तक हरवलें म्हणून मात्र जाब विचारतात. मग तो कुलूप लावील नाहीं तर काय करील? म्हणून पालटावयाचा तो ग्रंथपाल नव्हे. त्यास आपण जो प्रश्न विचारतों, तो पालटला पाहिजे. 'किती पुस्तकें शिल्लक आहेत?' याऐवजीं 'मुलांचीं किती पुस्तकें यंदा वाचून वाचून बाद झालीं?' असें चालक मंडळानें विचारावें. जीर्ण पुस्तक रीतसर बाद करणें ही कांहीं नामुष्कीची गोष्ट नाहीं. कित्येक मुलांनीं वाचून झिजविलेलें पुस्तक आपलें काम करून निवृत्त झालेलें असतें.

यावर दुसरा आक्षेप असा येतो कीं, दंड नसेल तर पुस्तकें परत कोण आणील? हा आक्षेप वजनदार आहे, व त्यास तर्कानें नव्हे, तर अनुभवानेंच उत्तर दिलें पाहिजे. अमेरिकेंत शिकागो शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानें १ ऑक्टोबर २०१९ पासून उशिराबद्दलचा दंड रद्द केला. त्यानंतर परत येणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली नाहीं, उलट वाढली. दंडाच्या भयानें घरांत दडवून ठेविलेलीं पुस्तकें लोकांनीं बाहेर काढलीं, आणि त्यांच्याबरोबर ते स्वतःही परत आले. शिकागो आणि आपलें गांव यांत पुष्कळ अंतर आहे, हें आम्ही जाणतों. पण ट्रंकेच्या तळाशीं पुस्तक दडविणारें मूल सगळीकडे सारखेंच असतें. शिवाय दंडाचें ओझें सर्वांवर सारखें पडत नाहीं. ज्याच्या घरीं पैसे आहेत, त्याचा बाप दंड भरून मोकळा होतो. ज्याच्या घरीं नाहींत, त्याचें वाचन सुटतें. म्हणजे ज्यास वाचनालयाची अधिक गरज, त्यासच हा नियम आधीं दाराबाहेर काढतो.

मग मुलांनीं वस्तु जपावयास शिकूं नये काय? अवश्य शिकावें. पण जपणूक दंडानें शिकविली जात नाहीं. ती दुरुस्तीनें शिकविली जाते. आमचा अनुभव सांगतों. त्या प्रसंगानंतर कांहीं महिने आमचें चित्त स्वस्थ नव्हतें. अखेर मुख्याध्यापकांची अनुमति घेऊन सहांपैकीं दोन कपाटांचीं कुलुपें आम्हीं काढलीं, मुलांचीं पुस्तकें खालच्या फळ्यांवर आणलीं, आणि समोर सतरंजी अंथरली. कोपऱ्यांत एक लहान टेबल मांडून त्यावर खळीची वाटी, जुन्या वह्यांचे पुठ्ठे, सुई आणि जाड दोरा ठेविला. मुलांनीं त्यास 'पुस्तकांचा दवाखाना' असें नांव दिलें. शुक्रवारीं दुपारीं कांहीं आया येऊन बसूं लागल्या. वाचनाविषयीं बोलावयास ज्या संकोचत, त्या पुस्तक शिवावयास मात्र संकोचल्या नाहींत. आणि शिवतां शिवतां 'यांत काय गोष्ट आहे रे?' असें विचारूं लागल्या. मग मुलगा वाचून दाखवी आणि आई टांका घाली. आमच्या सात वर्षांच्या निष्कलंक पडताळणींत असें दृश्य एकदांही घडलें नव्हतें.

त्या वर्षअखेरीस नऊ पुस्तकें हरवलेलीं निघालीं. यादी करतांना आमचा हात जड झाला, हें खरें. पण उरलेल्या पुस्तकांकडे पाहिलें, तों ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' दोनदां शिवूनही पुन्हां सुटला होता, आणि भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'चीं पानें कडांनीं काळीं पडलीं होतीं. त्या काळ्या कडा पाहून आम्हांस जो आनंद झाला, तो वरिष्ठांच्या शेऱ्यानें कधीं झाला नव्हता.

केवळ कुलूप काढल्यानें वाचनालय घरादाराचें होत नाहीं, हें मात्र येथें सांगितलें पाहिजे. मुलांस बोलावण्यासाठीं कांहीं निमित्त हवें, आणि तें नेमानें हवें. आपल्याकडे १५ ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळतात. दिवस उत्तम आहे. पण पुष्कळ ठिकाणीं त्या दिवशीं प्रतिमेस हार घालतात, टेबलांवर पुस्तकें मांडतात, भाषणें होतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुस्तकें कपाटांत व मुलें आपापल्या वर्गांत परत जातात. वर्षांतून एकदां जेवूं घालून कोणाचें पोषण होत नाहीं. त्याऐवजीं दर आठवड्यास एक तास, ठरलेल्या वारीं, ठरलेल्या वेळीं, गोष्टीचा असावा. गोष्ट सांगणारा कोणी मोठा वक्ता नको. गांवांतली एखादी आजी, निवृत्त शिक्षिका, वरच्या वर्गांतला एखादा विद्यार्थी, कोणीही चालेल. घरीं जी बोली बोलतात, ती तेथें ऐकूं आली तर अधिकच चांगलें. अहिराणींत किंवा मालवणींत सांगितलेल्या गोष्टीनें कोणाचें मराठी बिघडत नाहीं. अट एकच: गोष्ट संपल्यावर ती ज्या पुस्तकांत आहे, तें पुस्तक मुलांच्या हातीं लागेल अशा जागीं ठेवावें. कीर्तनाहून परतणाऱ्या श्रोत्यास पोथी विचारावीशी वाटते, तसें मूल त्या पुस्तकाकडे आपणहून वळतें.

या तासाला थोडा गलका होणारच. हल्लीं अनेक वाचनालयांत स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारे तरुण बसतात. त्यांस शांतता पाहिजे, आणि ती त्यांस मिळालीच पाहिजे. पण साऱ्या वास्तूंत साऱ्या वेळीं एकच शांतता हवी, असें नाहीं. जेथें निराळी खोली असेल तेथें निराळी खोली, जेथें नसेल तेथें निराळी वेळ ठेवावी. रविवारची सकाळ मुलांची, असें एकदां ठरून गेलें, म्हणजे अभ्यास करणारांनाही तें कळतें. जागा लहान आहे, ही सबब आम्हांस फारशी पटत नाहीं. सातारा जिल्ह्यांत पांचगणीजवळ भिलार या गांवीं ४ मे २०१७ रोजीं 'पुस्तकांचें गांव' सुरू झालें, तें मोठ्या इमारतींत नव्हे. गांवकऱ्यांनीं आपापल्या घरांतली खोली, पडवी, ओसरी पुस्तकांसाठीं मोकळी केली. एकीकडे कविता, एकीकडे इतिहास, एकीकडे मुलांचीं पुस्तकें. कोणीही यावें, बसावें, वाचावें. घरांत चूल पेटलेली आहे आणि पडवींत परका मनुष्य वाचीत बसला आहे, यांत तेथील गृहिणीस कांहीं विपरीत वाटत नाहीं. वाचनालय घरासारखें कसें असावें, याचें याहून सोपें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

पालकहो, आतां दोन शब्द आपल्याशीं. 'आमचें मूल पुस्तकास हात लावीत नाहीं. सदा मोबाइल घेऊन बसतें,' अशी तक्रार आमच्याकडे दर पालकसभेंत येते. आपण शांतपणें एका गोष्टीचा विचार करावा. दहा-पंधरा हजारांचा मोबाइल आपण दोन वर्षांच्या मुलाच्या उष्ट्या हातांत निःशंकपणें देतों. कारण तें गप्प बसावें. आणि शंभर रुपयांचें चित्रांचें पुस्तक मात्र 'फाडील' म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवितों. मोबाइल देतांना आपण अनामत मागितली नाहीं, हात धुवून ये म्हटलें नाहीं, पडला तर दंड होईल असेंही बजावलें नाहीं. मग मूल कोणाकडे वळेल? जें सहज हातीं येतें, त्याचाच मनुष्यास लळा लागतो. दोष मोबाइलच्या आकर्षणांत जेवढा आहे, तेवढाच पुस्तक अवघड करून ठेवणाऱ्या आपल्या हातांतही आहे.

तेव्हां आमचें मागणें मोठें नाहीं. आठवड्यांतून एक संध्याकाळ मुलास घेऊन गांवच्या वाचनालयांत जा. पण त्यास आंत सोडून पायरीवर थांबूं नका. आपणही आंत बसा. वाचतां येत असेल तर वाचा. येत नसेल तर चित्रें पाहा आणि मुलाकडून गोष्ट ऐका. बाप वर्तमानपत्र वाचीत आहे, आई पाककृतीचें पुस्तक चाळीत आहे, आणि मूल सतरंजीवर पालथें पडून वाघाचें चित्र पाहत आहे, असें एक कुटुंब वाचनालयांत नेमानें दिसूं लागलें, कीं दुसरें येतें. आणि वाचनालयांच्या चालक मंडळींस आमची विनंति अशी कीं, मुलांचीं पुस्तकें मुलांच्या उंचीच्या फळीवर उघडीं ठेवावीं, मुलांस उशिराबद्दल दंड करूं नये, आठवड्यास एक तास गोष्टीचा ठेवावा, आणि दाराशीं थांबलेल्या आईस कोणीतरी आंत बोलवावें. यांतील शेवटच्या कामास तर अनुदानही लागत नाहीं.

पूर्वीं सांगितलेल्या मुलाची गोष्ट अपुरी राहिली आहे. तो आतां मोठा झाला असून स्वतःची रिक्षा चालवितो. मध्यंतरीं स्थानकावरून घरीं येतांना आम्ही योगायोगानें त्याच्याच रिक्षांत बसलों. त्यानें आम्हांस ओळखलें, सामान उचलून दारापर्यंत आणून दिलें, आणि भाडें कांहीं केल्या घेईना. वाटेंत आईची, संसाराची, पेट्रोलच्या भावाची, सगळी विचारपूस झाली. पुढें अजून कांहीं वाचतोस कां, एवढें मात्र विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यावर ही वेळ येऊं नये, म्हणून हा सारा खटाटोप. पुस्तक घ्या, घरीं न्या, जेवतांना वाचा, धाकट्या भावंडांस दाखवा. तें जपा; पण जपण्याच्या भीतीनें मिटून ठेवूं नका. आणि कधीं भिजलें, फाटलें, त्यावर चहा सांडला, तर तें ट्रंकेंत लपवूं नका. जसें असेल तसें घेऊन या. खळ आम्ही करून ठेवूं.